हुकावर कोण चढलं?

भुतं फक्त रात्री येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे वाचू नये. माझ्यासोबत जे घडलं ते भर दुपारी, रस्त्यालगतच्या दुकानात, पाच-सहा माणसांदेखत घडलं.

विश्वास ठेवा असा आग्रह नाही. पण यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही. पदरचं घालायचं असतं, तर मी स्वतःला जरा बरा माणूस दाखवला असता.

आमचं दुकान गाड्यांना ट्रॉली ओढायचे हुक आणि सामानाचे कॅरिअर बसवून देण्याचं. बाबांनी सुरू केलेलं. बाबांची एक पद्धत होती. गाडीमागे हुक बसवून झाला की ते चपला काढायचे, चाकाशेजारी नीट जोडून ठेवायचे, एकदा खाकरायचे आणि हुकावर चढून उड्या मारायचे.

धप्प... धप्प... धप्प.

केस पांढरे झालेला माणूस, मागच्या काचेला धरून, अनवाणी उड्या मारतोय. गिऱ्हाइकं हसायची. काहीजण मोबाईलवर व्हिडिओ काढायचे. आसपासच्या दुकानांत त्यांना सगळे उडीकाका म्हणायचे.

मी त्यांना कितीदा सांगितलं की बाबा, आता ताकद मोजून पाना फिरवता येतो, माकडासारखं नाचायची गरज नाही. ते म्हणायचे, "लोखंडाला गोड बोलून विचारलं तर ते खोटं बोलतं. हिसका दिला की खरं बोलतं."

मागच्या थंडीत ते गेले. मी दुकानाला नवी फरशी घातली, काचेचा दरवाजा लावला आणि उड्या बंद केल्या.

खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

त्या दुपारी एक कुटुंब आलं. नवरा, बायको आणि मागच्या सीटवर नवऱ्याची म्हातारी आई. बदली झाली होती, घाटापलीकडच्या गावाला निघाले होते. गाडीला हुक बसवायचा होता आणि हुकाच्या चौकोनी पाईपमध्ये सामानाचं कॅरिअर. त्यावर दोन लोखंडी ट्रंका आणि आईचं शिलाई मशीन जाणार होतं.

नवऱ्याचा धाकटा भाऊ मोटारसायकलवर होता. त्याच्या मागे बायको आणि तिच्या मांडीवर दीड वर्षाची पोरगी. त्याला रस्ता माहीत नव्हता, म्हणून तो घाटात गाडीच्या मागे मागेच राहणार होता.

मी काम केलं. कॅरिअर पाईपमध्ये सरकवलं, आडवी पिन घातली. या पिनेच्या टोकाला बोटाएवढी एक क्लिप लागते. ती नसेल तर पिन हादऱ्यांनी हळूहळू बाहेर येते, आणि मग कॅरिअरला धरून ठेवणारं काहीच उरत नाही.

सामान चढवून बांधलं. मी हात पुसत होतो, तेवढ्यात नवऱ्याने हसत विचारलं, "इथे एक म्हातारे होते ना? हुकावर उड्या मारायचे? व्हिडिओ पाहिलाय मी त्यांचा. तुमचे वडील का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. भावाची बायकोसुद्धा हसत होती.

आणि मी म्हणालो, "नाही हो. जुना कामगार होता. डोक्याने जरा असाच. गेला तो."

इतक्या सहज म्हणालो. जीभसुद्धा अडखळली नाही.

नवऱ्याने गाडीत बसून दार ओढून घेतलं. भावाने मोटारसायकल गाडीच्या मागे आणून उभी केली.

आणि अचानक... सगळं शांत झालं.

हवा भरायचा कॉम्प्रेसर चालू होता. त्याचा आवाज येईना. रस्त्यावर गाड्या धावत होत्या. त्यांचाही आवाज नाही.

मग फरशीवर काहीतरी वाजलं... चट. थोड्या वेळाने पुन्हा... चट.

कोणीतरी पायातून चपला काढल्या होत्या.

मी खाली पाहिलं. चाकाशेजारी काहीच नव्हतं. नुसती स्वच्छ फरशी.

मग... खाकरण्याचा आवाज.

तो आवाज मी लहानपणापासून ऐकलेला. चोरून सिगारेट ओढताना तो आवाज आला की मी विझवायचो. चुकणं शक्यच नव्हतं.

गाडीची मागची बाजू खाली दबली.

आतून म्हातारी म्हणाली, "अरे, मागे कोण चढलं?"

मागे कोणी नव्हतं. माझ्यात आणि कॅरिअरमध्ये दोन हातांचं अंतर होतं.

धप्प...

ट्रंका खडखडल्या. भावाने पाय रेटत मोटारसायकल मागे घेतली.

धप्प...

पिन सरकली. मी डोळ्यांनी बघितलं, ती आपल्या जागेवरून सरकत होती.

धप्प...

पिन टण्णकन फरशीवर पडली. कॅरिअर पाईपमधून निसटलं आणि ट्रंकांसकट खाली कोसळलं. थोड्या वेळापूर्वी मोटारसायकलचं पुढचं चाक होतं, बरोबर तिथे.

मग सगळे आवाज परत आले. पोरगी रडत होती.

मी नकळत खिशात हात घातला. क्लिप माझ्याच शर्टाच्या खिशात होती.

ती लावायला मी विसरलो होतो. घाटात, मागे ती पोरगी असताना...

नवरा खाली उतरला. आधी त्याने पोरगीला पाहिलं, मग पिन, मग माझ्या हातातली क्लिप. मला वाटलं, तो माझी गचांडी धरेल. धरली असती तर बरं झालं असतं.

तो हळूच म्हणाला, "उड्या कोणी मारल्या?"

माझी मान वर होईना.

"बाबांनी," मी म्हणालो.

"कोणाच्या?"

"माझ्या. ते कामगार नव्हते. माझे वडील होते."

यावेळी कोणी हसलं नाही. म्हातारीने खिडकीतून हात जोडले. माझ्याकडे नाही, माझ्या मागे कुठेतरी बघून. मी वळून पाहायची हिंमत केली नाही.

कॅरिअर पुन्हा बसवलं. क्लिप लावली. मग चपला काढल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा हुकावर चढलो.

तेव्हापासून मी प्रत्येक गाडीवर उड्या मारतो. पण एक गोष्ट मी घरीसुद्धा सांगितलेली नाही. माझा पाय हुकावर पडायच्या आधीच गाडी खाली दबते. मी उतरलो, तरी ती वर येत नाही. गिऱ्हाइकाला मोठ्याने सांगावं लागतं, "ही माझ्या बाबांची पद्धत."

मग गाडी हळूच वर येते.

बाबा त्या दिवशी पिन तपासायला आले होते, की माझा नकार ऐकून आले होते, हे मला आजही कळलेलं नाही.

परवा एक मोठी, महागडी गाडी आली होती. मालकाचे मित्र मोबाईल काढून हसत उभे होते. उड्या मारून मी खाली उतरलो, आणि ते वाक्य माझ्या तोंडून फुटेना. एवढं सगळं होऊनही मला लाज वाटली.

गाडी बराच वेळ खाली दबून राहिली.

आणि माझ्या अगदी कानाशी... कोणीतरी खाकरलं.