दुसऱ्या माइकवरचा आवाज

दार लोटून घ्या रे, आणि तो मोबाइल खाली ठेवा. ही गोष्ट माझ्या सख्ख्या साडूची आहे. माइक-स्पीकर दुरुस्त करायचा तो. भुताखेतांचं नाव काढलं की पोट धरून हसायचा.

गेल्या मार्चमधला शेवटचा शनिवार. रात्री साडेअकराला त्याला कराओके हॉलच्या मालकाचा फोन आला. बाजारातल्या इमारतीत वरच्या मजल्यावर छोट्या छोट्या खोल्या. पडद्यावर गाण्याचे शब्द येणार, मागे संगीत वाजणार आणि हौशी मंडळी घसा फाडून गाणार. धंदा मुळात दोघा भावांचा. थोरल्याचा गळा गोड, लोक त्याच्यासाठीच यायचे. दोन वर्षांपूर्वी तो कुणालाही न सांगता परगावी निघून गेला, असं धाकटा सांगायचा. तेव्हापासून सगळा कारभार धाकट्याच्या हातात.

"कोपऱ्यातल्या खोलीतला दुसरा माइक आपोआप गातो," धाकटा म्हणाला. "गिऱ्हाइकं पळतात हो. आज काय तो सोक्षमोक्ष लावा."

साडूने तिथे पोचल्या पोचल्या माइक उघडून पाहिला. आत बॅटरीच नव्हती.

"अहो शेठ, हा कशाने गाणार? तुमची गिऱ्हाइकंच ढोसून येत असतील."

"थांबा, ऐकवतोच."

धाकट्याने खोलीचं दार लावलं आणि दोघांनी गायचं गाणं सुरू केलं. पहिली ओळ त्याने म्हटली. बेसूर. पडद्यावर दुसरी ओळ आली...

आणि स्पीकरमधून कुणीतरी ती गायलं. गोड. अगदी सुरात. साडूच्या हातातला उघडा माइक थरथरत होता.

धाकटा किंचाळला. "बंद करा! बंद करा ते!"

साडूने प्लग उपटला. पडदा विझला नाही. गाणंही थांबलं नाही.

"दादा..." धाकटा पुटपुटला. "दादा, नको ना..."

पहिला फटका नाकावर बसला. मारणारं कुणीच नव्हतं. रक्ताची चिळकांडी पडद्यावर उडाली. धाकटा भिंतीवर आदळला. कसाबसा उठला. पुन्हा आदळला. गाण्याच्या ठेक्यावर. बरोबर ठेक्यावर.

"मीच मारलं रे तुला! ह्याच भिंतीत... सोड मला, दादा!"

कोपऱ्यातला माइकचा लोखंडी स्टँड आपोआप उचलला गेला. पुढचा घाव जबड्यावर. हाड मोडल्याचा आवाज साडूने स्वतः ऐकला. तरी तो पुढे झाला, धाकट्याचे पाय धरून ओढू लागला. तेवढ्यात त्याच्या छातीवर एक हात टेकला. दिसला नाही. गार होता. त्याने साडूला हळूच दाराबाहेर ढकललं.

दार लागलं.

त्या खोल्यांमधून आवाज बाहेर येत नाही, तशाच बांधलेल्या. फक्त दार हादरत होतं. धप्प... धप्प...

मग तेही नाही.

साडूने बोलावलेल्या पोलिसांनी दार फोडलं. धाकट्याचा चेहरा ओळखू येत नव्हता. साडूने जे ऐकलं ते सांगितलं, तशी त्यांनी भिंतीचं स्पंजचं अस्तर फाडलं. मागे प्लास्टर होतं, अखंड, साधा तडाही नाही. ते फोडलं. आत थोरला. नुसती हाडं उरलेली. एक मूठ मात्र घट्ट आवळलेली. फौजदाराने एकेक बोट सोडवलं.

मुठीत दात होता. मुळासकट उपटलेला.

त्यावरचं रक्त अजून ओलं होतं.