मारुतीच्या पायाला लागलेलं पाणी

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते उलटं. जमिनीची उंची मोजायच्या आमच्या ऑफिसातल्या जुन्या लेव्हलच्या दुर्बिणीतून सगळं जगच उलटं दिसायचं... खाली आभाळ, वर कोरडा ओढा, आणि मधोमध एक तरुण, डोकं खाली पाय वर, खुशाल हसत उभा.

"बाजूला व्हा! पट्टी दिसत नाही मला," मी ओरडले.

"मी तर दिसून राहिलो ना? मग झालं की!" तो म्हणाला, पण बाजूला झाला. मग चालत जवळच आला. "काय शोधून राहिलात बाई? पाणी? हितं टँकरबिगर पाणी न्हाई."

"पूर शोधतेय."

तो एवढा हसला, की ओढ्यातल्या दगडावर मटकन बसला. मला राग आला, आणि रागातच हसूही आलं. दुष्काळाचं साल, जनावरं छावणीत गेलेली, आणि मी, पंचशीला सोनकांबळे, कनिष्ठ अभियंता, या ओढ्याला सगळ्यात मोठा पूर केवढा आला होता ते विचारत उन्हात फिरत होते.

कवठाहाळी गावाच्या वरच्या अंगाला रोजगार हमीतून पाझर तलाव व्हायचा होता. तलावाचा जीव सांडव्यात असतो. मातीच्या भिंतीवरून एकदा पाणी गेलं की भिंत बघता बघता वाहून जाते; म्हणून जादा पाणी बाजूनं काढून देणारा सांडवा लागतो. तो किती रुंद ठेवायचा, ते पुरावर ठरतं. लातूर जिल्हा नुकताच झालेला, जुने कागद अजून उस्मानाबादेत पडलेले. तेव्हा पूर माणसांनाच विचारायचा.

हे सगळं समजावल्यावर तो जरा ओशाळला. "मी व्यंकट. ग्यानोबांचा धाकटा. ही खालची जमीन आमचीच. पट्टी धरू का? तुमचा माणूस तर सावलीला घोरून राहिलाय."

पट्टी धरणारा आमचा खलाशी खरंच घोरत होता. मग रोजच व्यंकट पट्टी धरायला लागला.

"सरळ धरा हो!"

"मी सरळच हाय. तुमची दुर्बीण वाकडी हाय."

"हसू नका, पट्टी हलते."

"मग तुमी बघू नका..."

मी दुर्बिणीला डोळा लावून बसायचे. लाजलेलं तोंड लपवायला तेवढीच एक जागा होती.

खरं सांगायचं तर मी फार एकटी होते. माझ्या गावी उमरीला आई भामाबाईला 'बरं चाललंय' असं कळवायचे, पण बरं काही नव्हतं. ऑफिसात मी एकटी बाई. डबा उघडला की आजूबाजूच्यांना एकदम कामं आठवायची. संध्याकाळी खोलीवर गेलं की सकाळपर्यंत तोंडातून शब्द निघायचा नाही. रविवार तर मला नकोच वाटायचा. आणि इथं, या तापलेल्या ओढ्यात, कुणीतरी माझी वाट बघत उभं असायचं.

गावात आडनाव कळलं की बोलणं आखडतं, हे मला ठाऊक होतं. म्हणून एकदा मीच तोडून टाकल्यासारखं सांगितलं, "मी सोनकांबळे आहे."

"ठाव हाय. तुमच्या जीपवाल्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं."

"मग?"

"मग काय... तवापासून पट्टी कवा वाकडी धरली का?"

मारुतीच्या पाराजवळ गावातले म्हातारे शरणप्पा बसलेले होते. पुराचं विचारताच त्यांचे डोळे चमकले. "लई मोठा पूर आला व्हता बाई. पाणी चढत चढत मारुतीच्या पायाला लागलं. बायांनी ओटी भरली, तवा उतरलं."

ज्याला विचारावं त्याचं हेच उत्तर. या भागात पूर फुटात मोजत नाहीत, देवाच्या अंगावर मोजतात. मारुतीचा पार रस्त्याच्या कडेला होता. मी पाराखालीच थांबले, कारण म्हाताऱ्यांच्या नजरा माझ्या पायांवर होत्या. व्यंकट वर चढला आणि त्यानं मारुतीच्या पायाशी पट्टी धरली. त्या दिवशी तो हसला नाही. उन्हानं दमला असेल, असं मला वाटलं.

हिशेब सोपा निघाला. पूर बेताचा, सांडवा लहान. त्याचं पाणी खडकाळ पडीकातून ओढ्याला मिळत होतं. भिंतीच्या खाली ओढ्याकाठी आमच्या लोकांची वस्ती होती. दारांना कुलपं, सगळे कामासाठी बाहेरगावी गेलेले. निळ्या रंगात लिहिलेलं 'जयभीम' बघितलं की उमरीला आल्यासारखं वाटायचं. मी तिथून जाताना मुद्दाम सावकाश जायचे.

शेवटच्या दिवशी मी दुर्बिणीचं तिकाटणं आवरत होते. व्यंकट आला. तोंड उतरलेलं.

"जरा पांढरीवर चला."

पांढरी म्हणजे जुन्या गावाचं टेकाड. वर एक मोडका चौथरा होता, दगडाला शेंदराचा जुना डाग.

"मारुती हितं व्हता," तो म्हणाला. "पुराच्या वक्ताला. रस्ता झाल्यावर मानसांनी खाली नेऊन बसवला. बोलणं मात्र तेच राहिलं... मारुतीच्या पायाला पाणी लागलं."

मी खाली बघितलं. वस्तीची सगळी छपरं त्या चौथऱ्याच्या कितीतरी खाली होती. माझा पूर चुकला होता; एवढ्याशा सांडव्यानं भिंत फुटून वस्तीवरच आली असती.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हाव."

"पट्टी तुम्हीच धरली होती."

"हाव... सांडवा मोठा झाला तर त्येची चर आमच्या काळ्या तुकड्यातून जाती. बाप म्हणला, गप ऱ्हा. राहिलो."

"आणि वस्ती?"

त्यानं मान खाली घातली. "वस्तीकडं बगितलं की तुमी दिसता. म्हणून तर बोललो."

मला त्याचा संताप आला, आणि तो मला हवाय हेही त्याच क्षणी कळलं. दोन्ही एकदम. असं कुणाच्या वाट्याला येऊ नये.

"पट्टी धरा," मी म्हणाले.

सांडवा दुपटीहून मोठा झाला. चरीची आखणी काळ्या तुकड्यातून गेली. खुंट्या व्यंकटनंच ठोकल्या. ग्यानोबा बांधावर उभे होते. ते त्याच्याशी बोलले नाहीत, माझ्याकडे तर त्यांनी बघितलंही नाही.

मी लातूरला परतले. आराखडा मंजूर झाला, काम सुरू झालं, दुसऱ्या साहेबांकडे गेलं. मला तिकडे जायचं कारणच उरलं नाही. बाहेर कुणी आलं की माझी मान आपोआप वर व्हायची. तो नसायचा. अगं, जमीन घालवलीस त्याची, आता कशाला येईल, असं मी मलाच समजावायचे, आणि पुन्हा मान वर व्हायची.

मग एके दिवशी ऑफिस सुटताना तो फाटकापाशी लिंबाखाली दिसला. धुळीनं माखलेला, हातात पिशवी.

"घर सोडलं," तो म्हणाला.

"जमिनीपायी?"

"जमिनीपायी बापानं शिव्या दिल्या, पण जेवायला वाढलं. तुमचं नाव घेतलं तवा ताट उचललं."

मी ताठपणानं म्हणाले, "माझं नाव घ्यायला मी सांगितलं नव्हतं."

"म्हणून तर इचारायला आलो... धान्याच्या मोंढ्यात एका आडतीवर काम धरलंय. सकाळपासून खोली बगून राहिलो."

"मिळाली?"

"न्हाई. आडनाव इचारतात. मी सोनकांबळे सांगितलं."

"का?"

"उद्या तुमी हाव म्हणलात, तर दारात तुमचं नाव बी सांगावं लागंल. तवा काय व्हतं, ते मला ठाव नव्हतं." त्यानं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "पहिल्या घरी बाईनं पाण्याचा तांब्या आणला व्हता. नाव ऐकलं, आन तांब्या घेऊन आत गेली."

"वेडे आहात का? पुढच्या दारी तरी स्वतःचं नाव सांगायचं. लगेच मिळाली असती खोली."

"पुढच्या दारी बी तेच सांगितलं."

फाटकातून ऑफिसची माणसं बाहेर पडत होती, आमच्याकडे वळून वळून बघत होती. मला रडू फुटलं आणि मी ते लपवलं नाही. त्याच्या हातातली पिशवी मी घेतली.

"चला," मी म्हणाले. "आता पुढचं दार दोघं मिळून वाजवू."