तिसऱ्या सिलिंडरमधला श्वास

विमानाच्या इंजिनची ठरलेली तपासणी म्हणजे काही भुताखेतांचं काम नव्हे. जुनं तेल काढायचं, तेलाची गाळणी कापून तिच्या घड्यांत धातूचा चुरा सापडतो का बघायचं, प्लग पुसायचे, दाब मोजायचा आणि सही करायची. ताईने बावीस वर्षं हेच केलं होतं. त्या दुपारीही ती तेवढंच करायला बसली होती. चारच्या चहापर्यंत आटपेल, अशी तिची खात्री होती.

विमान छोटं, चार सिलिंडरचं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा धाकटा भाऊ ते घेऊन बेटावरच्या दवाखान्यात औषधं पोचवणार होता. म्हणून पंखा धरायला तोच उभा होता. दाब मोजायला सिलिंडरमध्ये हवा भरतात तेव्हा पंखा गच्च धरून ठेवावा लागतो, नाहीतर तो गर्रकन फिरून माणसाचं डोकं फोडतो.

"ताई, हात भरून आले माझे. आटप ना!"

"गप धर. गप्पा मारताना बरं तुझं तोंड भरून येत नाही."

ऐंशीचा दाब आत सोडायचा आणि त्यातला किती टिकतो ते काट्यावर वाचायचं. पहिला सिलिंडर चौऱ्याहत्तर, दुसरा पंचाहत्तर. तिसरा अठ्ठ्याहत्तर, म्हणजे अगदी ठणठणीत. मग निसटणारी हवा कुठून निसटते ते कानाने ओळखायचं. ताईने तेल ओतायच्या नळीच्या तोंडाशी कान नेला. बारीक सुस्कारा येत होता. तेवढा तर येतोच. तिने हवा बंद केली, रबरी पाइप काढून खाली ठेवला.

सुस्कारा चालूच राहिला. आता तो आत जात होता... आणि बाहेर येत होता.

नीट ऐकावं म्हणून तिने श्वास रोखला, तर तिकडचाही थांबला. तिने सोडला, तिकडचाही सुटला. असं तीनदा झालं. ताईला भीती नंतर वाटली. आधी आला तो वैताग.

"अरे, घे तरी, नाहीतर सोड तरी! चेष्टा लावलीय का?"

"मला म्हणतेस?" पंख्याआडून भावाने विचारलं.

"तुला नाही."

"मग कुणाला?"

तिने नळीकडे बोट दाखवलं. त्याने येऊन नळीला कान लावला आणि खांदे उडवले. "मला काही ऐकू येत नाही. तुझाच श्वास नळीत घुमत असेल."

तिलाही ते पटलं असतं. पण खात्री करायला तिने नळीत स्वच्छ फडकं कोंबलं आणि तिसऱ्या सिलिंडरच्या नुसत्या धातूवर कान टेकवला. आत... बाहेर. इंजिन सकाळपासून गार होतं, तरी तिच्या गालाला ऊब लागली. तापून करपलेल्या तेलाचा वास आला. चौथा सिलिंडर मोजून झाला. तोही चांगला निघाला. पण सहीसाठी उचललेलं पेन तिने परत खिशाला लावलं.

साहेब ऑफिसातून तणतणत आले. "आकडे काय म्हणतायत, बाई?"

"आकडे चांगलेच आहेत."

"गाळणीत चुरा?"

"नाही."

"मग घोडं कुठे अडलंय?"

"तिसरा सिलिंडर उतरवायचाय."

"आणि कारण काय लिहू मी?"

"लिहा, मेकॅनिक हट्टी आहे."

साहेबांनी कपाळाला हात लावला. भाऊ मात्र भडकला. "तिकडे पेशंट खोळंबलेत, ताई! तुला जिथेतिथे दुखणंच दिसतं. लहानपणी मला साधी शिंक आली तरी डॉक्टरकडे ओढत न्यायचीस."

"आताही ओढत नेईन. पाना दे इकडे."

संध्याकाळ होईतो सिलिंडर टेबलावर आला. वरवर पाहता कुठे ओरखडासुद्धा नव्हता. तिने त्यावर पातळ लाल रंग चढवला, तो मुरू दिला, पुसून काढला आणि वर पांढरी पावडर फवारली. तिघंही वाकून बघत राहिले. काही क्षण सगळं पांढरंच. मग प्लगच्या भोकापासून एक लाल रेघ उमटायला लागली... केसाएवढी बारीक. रेंगाळत, वळत ती सिलिंडरच्या पार अर्ध्या माथ्यापर्यंत गेली. भेग अजून आरपार झाली नव्हती, म्हणून दाब टिकत होता. समुद्रावर मात्र सिलिंडर टिकला नसता.

भाऊ स्टुलावर बसला. साहेबांनी घाम पुसला आणि पटापट सोय लावली. उद्या औषधं दुसऱ्या विमानातून जातील, म्हातारबा कॅप्टन उडवतील. ताईने सोबत जायचं आणि वाटेत कारखान्याच्या गावी उतरून नवा सिलिंडर घ्यायचा. भावाने इथेच थांबायचं. त्या दुसऱ्या विमानाची तपासणी परवा ताईनेच केली होती.

खोकी चढवायला भाऊ त्या विमानाकडे गेला. बराच वेळ काही आवाज येईना, म्हणून ताई चिडून बघायला गेली. तो इंजिनच्या झाकणाला कान लावून उभा होता.

"ताई... इकडे ये."

तिने कान लावला. पत्रा गार होता. आत काही म्हणजे काही नव्हतं.

"मला नाही ऐकू येत," ती म्हणाली. "परवा मीच मोजलंय रे. सगळे आकडे चांगले आहेत."

बोलता बोलताच ती अडखळली. दुपारपर्यंत उद्या जाणारा तो होता, मागे राहणारी ती होती, आणि ऐकू आलं होतं फक्त तिला. आता जाणारी ती होती.

"श्वास धर," तो कुजबुजला. "मीही धरतो."

दोघांनी धरला. हँगरमध्ये टाचणी पडली असती तरी कळलं असतं. ताई त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. त्याचे ओठ घट्ट मिटलेले, छाती हलत नव्हती, आणि डोळे हळूहळू मोठे होत चालले होते.

"ताई," अखेर तो म्हणाला, "हा थांबत नाहीये..."