उरलेली जबानी

कॅमेरा घ्यायचं ठरवलं तेव्हा मी शेहेचाळीस वर्षांची होते. डोंबिवलीतल्या एका शाळेत मुलांना पदार्थविज्ञान शिकवत होते, लग्न केलेलं नव्हतं, आणि थोरला भाऊ त्र्यंबक याच्याबरोबर टिळकनगरात राहत होते. दादा पोस्टातून निवृत्त झालेला.

"या वयात व्हिडिओ काढून तू करणार काय, मंदा?" त्याने विचारलं.

"शिकणार," मी म्हटलं.

हे १९९०चं सांगतेय. तेव्हा व्हिडिओ म्हणजे लग्नाचा, आणि तो काढणारा म्हणजे बाप्या. कल्याणच्या एका शूटिंगवाल्याने आपला मोठा कॅमेरा माझ्या खांद्यावर ठेवला आणि हसून म्हणाला, "मॅडम, हे लेडीज लोकांचं काम नाही. खांदा जातो." मी तो तसाच दहा मिनिटं धरून उभी राहिले, त्याचं हसू थांबेपर्यंत. मग ठाण्याला जाऊन लहान कॅमेरा घेतला. वजनासाठी नाही. त्याची कॅसेट हाताच्या पंजाएवढी असते. ती एका खोक्यात बसवली की कुठल्याही व्हीसीआरवर चालते, म्हणून. दुकानात मी दोन-तीन कॅमेरे काउंटरखालच्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे धरले, मग उन्हातल्या रस्त्याकडे. ज्याला दोन्ही नीट दिसलं तो घेतला. दुकानदार वैतागला होता.

पहिल्या महिन्यात नवशिक्याच्या सगळ्या चुका केल्या. झूम इतका पुढे-मागे केला की बघताना दादाला मळमळलं. बटण दोनदा दाबलं जायचं. जे घेतलं असं वाटे ते आलेलं नसे आणि जे नको ते येई. एकदा फक्त माझ्या चपला चालताना दिसल्या, बारा मिनिटं. मग मी वही घातली. प्रत्येक वेळी तारीख, सुरू केल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, बॅटरी, उजेड, सगळं लिहायचं. ती वही अजून माझ्याकडे आहे आणि पुढचं सगळं तीत बघूनच सांगतेय.

आमच्या प्रयोगशाळेत नंदा नावाची मदतनीस होती. ती ठाण्याच्या कोपरीपलीकडची, खाडीकाठच्या कोळीवस्तीतली. त्यांच्या वस्तीसमोर होड्या लावायची जागा होती. ते तिला बंदर म्हणत. एका कंपनीने तिथे भराव टाकायला सुरुवात केली होती. डबर, माती, बाथरूमच्या फुटक्या फरशा, रोज चार-पाच ट्रक. कंपनीचं म्हणणं, इथे बंदर कधीच नव्हतं, नुसतं तिवरांचं रान होतं. सरकारी चौकशी लागली होती, पण तारीख पुढे पुढे जात होती.

"आज्याला सगळं माहितीय, बाई, होड्या बांधायचा जुना दगड कुठे होता तेसुद्धा," नंदा म्हणाली. "पण त्याचं हृदय कमजोर झालंय. तारखेपर्यंत राहील की नाही कुणास ठाऊक. तुम्ही त्याचं बोलणं घ्याल?"

२० जानेवारी १९९१, रविवार. मी सकाळी तिथे पोचले. वाळत घातलेल्या मासळीचा वास इतका दाट होता की माझ्या शाकाहारी घरातल्या नाकाला त्रास झाला. मी तो चेहऱ्यावर दिसू दिला नाही. ओहोटी होती. तिवरांपर्यंत नुसता चिखल, त्यात तिरक्या कललेल्या दोन होड्या. दामाजी अंगणात खुर्चीवर बसले होते. डोक्याला लाल टोपी, अंगात धुतलेला सदरा. त्यांची बहीण भागीरथी दारात उभी राहून माझ्याकडे संशयाने बघत होती.

दहा वाजून दहा मिनिटांनी मी बटण दाबलं.

म्हातारा स्पष्ट बोलला. कुणाच्या किती होड्या, मिठाचे मचवे कधी यायचे, कुठल्या साली कोण बुडालं. मी मध्ये मध्ये विचारत होते. मग ते म्हणाले, "आनि तो दगर..." आणि कॅमेरा बंद पडला. बॅटरी संपली होती. दुसरी बॅटरी मी चार्ज केलेली नव्हती. दहा बत्तीस.

"थांबा, आजोबा. पुढच्या रविवारी येते."

"बाकीचं मंग," ते म्हणाले. "काय घाई नाय."

पुढच्या रविवारी शाळेत परीक्षेचं काम निघालं. त्यानंतरच्या मंगळवारी दामाजी गेले.

ते दिवस मला फार जड गेले. होड्या बांधायचा दगड हाच तर खरा पुरावा होता, आणि तो माझ्या आळसामुळे त्यांच्या तोंडातच राहिला होता.

तेरावं झाल्यावर नंदा आमच्या घरी आली. आज्याचा आवाज ऐकायचाय म्हणाली. दादाने चहा टाकला, मी कॅसेट लावली. बावीस मिनिटं झाली. "आनि तो दगर..." मी बंद करायला हात पुढे केला.

"...काला हाय. त्याला लोखंडाची करी हाय. भरती आली का होरी तिथंच बांदायची."

मी हात मागे घेतला. दामाजी आणखी थोडं बोलले, मग पडद्यावर मुंग्या आल्या. नंदा पदराने डोळे पुसत होती.

"हे त्यांनी त्या दिवशी सांगितलं होतं?" मी विचारलं.

"मी तेव्हा आत गेलेली, बाई. पण सांगितलंच असेल ना, कॅसेटमध्ये आहे म्हणजे."

ती गेल्यावर मी वही काढली. थकलेली बॅटरी थोडा वेळ पडून राहिली की जराशी पुन्हा चालते, हे मला माहीत होतं. पण तोवर कॅमेरा माझ्या पिशवीत गेलेला होता. पिशवीचं अस्तर दिसायला हवं होतं, दामाजी नव्हे.

दुसऱ्या दिवशी शाळेतलं स्टॉपवॉच आणलं. सत्तावीस मिनिटं. आणखी एक गोष्ट दिसली. नव्या भागात त्यांच्यामागे चिखल नव्हता, पाणी होतं. होड्या सरळ होऊन तरंगत होत्या. मी भरतीची वेळ काढली. त्या दिवशी पाणी दुपारी एकनंतर चढलं होतं.

तिसऱ्या वेळी दादाला शेजारी बसवलं. चौतीस मिनिटं झाली. कॅसेट तीस मिनिटांची होती. शेवटची सात मिनिटं दामाजी काहीच बोलत नव्हते. गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते, वर्गात शिक्षक येण्याआधी मुलं बसतात तसे.

दादाने उठून टीव्ही बंद केला.

"यावर दुसरं काहीतरी घे," तो म्हणाला. "शेजारच्यांची मुंज घे. पुसून टाक हे."

"का?"

"हे सुनावणीत दाखवलंस तर लबाडी म्हणतील. नोकरी जाईल तुझी. आणि लबाडी नाही म्हणाले तर..." त्याने बंद टीव्हीकडे बघितलं. "तर त्याहून वाईट."

कॅसेटच्या कडेला प्लास्टिकची एक बारीक पट्टी असते. ती मोडली की त्या कॅसेटवर पुन्हा काही घेता येत नाही. मी शिवणाच्या डब्यातली कात्री आणली आणि दादासमोर ती पट्टी मोडली.

"भीती मलाही वाटते," मी म्हटलं. "पण तो माणूस मला बाकीचं सांगायचं म्हणाला होता. मी ऐकणार."

सुनावणी एप्रिलमध्ये झाली, भर दुपारी, गावातल्या शाळेच्या एका वर्गात. भाड्याने आणलेला टीव्ही आणि व्हीसीआर टेबलावर ठेवले होते. चौकशी अधिकारी पन्नाशीचे, शांत गृहस्थ होते. कंपनीचे वकील तरुण होते, हुशार होते आणि त्यांना उकडत होतं. मागच्या बाकांवर वस्तीतली माणसं दाटीवाटीने बसली होती. भागीरथी पहिल्या बाकावर.

"साहेब, माझी हरकत आहे," वकील म्हणाले. "साक्षीदार हयात नाही. मेलेल्या माणसाची उलटतपासणी मी कशी करायची?"

"बघायला काय हरकत आहे?" अधिकारी म्हणाले. "पुरावा म्हणून धरायचं की नाही ते मी नंतर ठरवीन. कॅसेट कुणी घेतली?"

"मी," असं म्हणून मी उभी राहिले. "मंदाकिनी आगाशे. शिक्षिका. यात काहीही जोडलेलं नाही, हे मी शपथेवर सांगते."

ते खरंच होतं.

कॅसेट लागली. होड्या झाल्या, मिठाचे मचवे झाले, बुडालेली माणसं झाली. दगड आला, कडी आली. मग दामाजी गप्प झाले आणि गुडघ्यांवर हात ठेवून बसले. पंखा फिरत होता. एक मिनिट गेलं, दोन गेली.

वकिलांना हसू आलं. ते टीव्हीजवळ गेले, वर्गाकडे वळून बघितलं आणि पडद्याला म्हणाले, "बरं आजोबा, हा दगड तुम्ही स्वतः रोवताना बघितलात, की ऐकीव सांगताय?"

मागे कुणीतरी हसलं.

दामाजींनी मान वळवली. चित्रीकरणात ते सबंध वेळ माझ्याकडे बघत होते. आता वकील उभे होते त्या बाजूला बघितलं.

"माज्या बापानं रोवला," ते म्हणाले. "मी पाच वर्सांचा व्हतो. खड्ड्यान माती मी टाकली."

वकिलांच्या हातातला रुमाल तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी टीव्हीपासून दहा फुटांवर होते, हात रिकामे.

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. अगदी हळू आवाजात, वर्गातल्या एखाद्या माणसाला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "आत्ता तो दगड कुठे आहे?"

"यांचे भरावाखाली. येहिरीपासून खारीकरं एकवीस पावलां." दामाजींनी अधिकाऱ्यांच्या पायांकडे बघितलं. "माजी पावलां. तुमची नाय."

पाणी त्यांच्या खुर्चीच्या पायांशी आलं होतं.

"आनि कोन हाय इच्यारनारा?"

त्यांनी पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत बघितलं. ज्याच्यावर नजर आली तो माणूस खाली बघू लागला. अधिकाऱ्यांच्या कारकुनाने पाय उचलून बाकावर घेतले.

वकील म्हणाले, "नाही." मग घसा साफ करून, का कोण जाणे, पुन्हा म्हणाले, "मला आणखी काही विचारायचं नाही."

"मंग झाला," दामाजी म्हणाले.

पडद्यावर मुंग्या आल्या.

तीन दिवसांनी अधिकाऱ्यांनी विहिरीपासून माप धरलं. वस्तीतल्या, दामाजींच्या चणीच्या एका म्हाताऱ्याला चालायला लावलं. एकवीस पावलांवर खणलं. अकरा फुटांखाली काळा दगड लागला, कडीसकट. भराव थांबला. कंपनीने उरलेला भरावही उचलला. अहवालात 'प्रत्यक्ष पाहणी' एवढंच आहे, कॅसेटचा उल्लेख नाही. मी अधिकाऱ्यांना भेटून त्याबद्दल विचारलं. "बाई," ते म्हणाले, "मी काय लिहू, तुम्हीच सांगा."

ती कॅसेट मी नंतर दोनदा लावून बघितली. बावीस मिनिटं. "आनि तो दगर..." आणि मुंग्या. दादाला मी हे सांगितलं. त्याने मान डोलावली आणि पेपर वाचत राहिला. पण त्यानंतर कॅमेऱ्याबद्दल तो मला एका शब्दाने बोलला नाही.

मे महिन्यात नंदाचा निरोप आला. भागीरथीने बोलावलंय, कॅमेरा घेऊन या.

मी गेले. अंगणात पाच खुर्च्या मांडल्या होत्या. भागीरथी होती आणि वस्तीतले आणखी चार म्हातारे. सगळ्यांनी न्हाऊन-धुऊन, केसांना तेल लावून, ठेवणीतले कपडे घातले होते. समोर बंदरात माणसं होड्या ओढत होती.

"आमची पन घे," भागीरथी म्हणाली. "येक दगर सापरला म्हून काय, ते परत येतीलच. आज ना उद्या. दुसरा वकील घेऊन."

मी कॅमेरा तिवईवर चढवला, उजेड बघितला, वहीत वेळ लिहिली आणि बटण दाबलं.

"हं, बोला, मावशी."

ती लेन्सकडे बघत राहिली. मला वाटलं लाजली असेल. मी पुन्हा म्हटलं, "सुरू झालंय. बोला ना."

"आता कोन इच्यारतंय?" ती म्हणाली. "इच्यारतील तवा बोलंन."

मग तिने गुडघ्यांवर हात ठेवले आणि कॅसेट संपेपर्यंत तशीच बसून राहिली. तिच्यामागे बाकीचे चौघे आपापली पाळी यायची वाट बघत होते.