पावतीवरचा तिसरा माणूस

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण तिखटमीठ लावलेलं नाही एवढं आधीच सांगते.

गेल्या वर्षीचा मार्च. दुसरा शुक्रवार. जागा म्हणजे सीमेवरच्या नाक्याला लागून असलेलं पार्किंग. तारेचं कुंपण, आत शे-दीडशे गाड्या, पत्र्याची एक केबिन. गाडी आत न्यायचं फाटक एका टोकाला आणि बाहेर काढायचं दुसऱ्या टोकाला.

घडलं ते माझ्या मामांच्या बाबतीत.

मामा विमा कंपनीचे सर्व्हेअर. ठोकलेल्या गाड्या तपासायच्या आणि मालक किती खोटं बोलतोय ते शोधून काढायचं, हा त्यांचा तीस वर्षांचा धंदा. त्यामुळे संशय अंगात मुरलेला. दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे आपल्याला गंडवायलाच बसलेत अशी त्यांची पक्की खात्री. मामी म्हणते, लग्नाच्या फोटोतसुद्धा हे फोटोग्राफरकडे संशयाने बघतायत.

फक्त एका माणसावर त्यांनी कधी संशय घेतला नाही.

ते म्हणजे थोरले मामा, त्यांचे मोठे भाऊ. आई-वडील गेले तेव्हा मामा नऊ वर्षांचे होते आणि माझी आई सहाची. थोरल्यांनीच दोघांना न्हाऊमाखू घातलं, शाळेत पाठवलं, स्वतःच्या लग्नाचा विचारही केला नाही. पुढे ते कामासाठी सीमेपलीकडे गेले आणि तिकडेच अडकले. आता सत्तरी ओलांडलेली. छातीत कायमचा खोकला, दर अर्ध्या तासाला बाथरूम, आणि एका खोलीत एकटे.

"दादा, तुला घरी आणीन," असं मामा वर्षानुवर्षं म्हणायचे. दोन वर्षं कागदांमागे पायपीट केली तेव्हा कुठे परवानगी आली. म्हणून त्या शुक्रवारी मामा आणि मामी निघाले. गाडी पलीकडे न्यायला वेगळं परमिट लागतं. ते नव्हतं. मग ठरलं असं की गाडी नाक्यावर ठेवायची, पायी पलीकडे जायचं, रात्र थोरल्यांच्या खोलीवर काढायची आणि सकाळी त्यांना घेऊन परत यायचं.

गाडी रात्रभर परक्याच्या ताब्यात द्यायची... मामांच्या जिवाला घोर लागला होता.

संध्याकाळी पाचच्या सुमारास ते पार्किंगमध्ये पोचले. मामांनी चारही बाजूंनी गाडीचे फोटो काढले. किलोमीटरचा आकडा लिहून घेतला. टायरवर खडूने बारीक खुणा केल्या, म्हणजे कोणी टायर बदलले तर कळावं. स्टेपनीचासुद्धा नंबर टिपला. मामी बाजूला उभी राहून कपाळाला हात लावत होती.

फाटकवाला आला. त्याने वाकून गाडीत पाहिलं, मग मामा-मामींकडे पाहिलं आणि पावती फाडली.

"जितकी माणसं आली तितकीच परत न्यायची. जास्त नाही, कमी नाही. इथला नियम आहे."

मामांनी पावती वाचली.

माणसं... तीन.

मामीनेही वाचलं. ती बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात मामांनी तिचं कोपर दाबलं. थोडं पुढे गेल्यावर हळूच म्हणाले, "गप्प बस. उद्या दादा असणार म्हणजे आपण तीनच होणार. जास्तीचं माणूस न्यायचं तर चौकीत वेगळा कागद करावा लागतो, दोन तासांची रांग असते. त्याची चूक झाली ती आपल्या पथ्यावर पडली."

"अहो, पण त्याने तिसरं कोण पाहिलं?"

"झोकून आला असेल. तुझं काय जातंय?"

जाता जाता मामीने एकदा वळून गाडीकडे पाहिलं. मागच्या सीटवर थोरल्यांसाठी आणलेली घडी केलेली शाल तेवढी होती. दुसरं काही नव्हतं.

रात्र मजेत गेली. दोघं भाऊ पहाटेपर्यंत बोलत बसले होते. थोरले खोकत होते, हसत होते, पुन्हा खोकत होते. सकाळी त्यांनी खोलीची किल्ली मालकाला दिली, कापडी पिशवी काखोटीला मारली आणि तिघं चालत निघाले. सीमा ओलांडेपर्यंत थोरले तीनदा बाथरूमला गेले. मामी हसून म्हणाली, "घरी पोचायला आपल्याला संध्याकाळ होणार!"

आठ वाजता ते पार्किंगपाशी आले. कुंपणाबाहेर सिमेंटचा एक बाक होता. थोरले तिथे टेकले. त्यांना धाप लागली होती.

"तू गाडी काढ. मी बसतो जरा."

मामी पाणी आणायला गेली. मामांनी केबिनमधून किल्ली घेतली आणि लागले तपासणीला. आकडा तोच. खडूच्या खुणा जिथल्या तिथे. स्टेपनी तीच. आरसे, वायपर, रेडिओ, सगळं शाबूत. पुन्हा चारही बाजूंनी फोटो काढून झाले. गाडीचा एक स्क्रूसुद्धा कोणी हलवला नव्हता. मामांना हायसं वाटलं.

मामी पाणी घेऊन आली आणि पुढे बसली. "दादा बसले का?"

मामांनी आरशात पाहिलं.

थोरले मागे बसले होते. शाल डोक्यावरून ओढलेली, मान काचेला टेकलेली, डोळे मिटलेले.

"बसला. झोपलासुद्धा."

बाहेरच्या फाटकावर फाटकवाल्याने वाकून मोजलं, पावतीवर टिचकी मारली आणि दांडा वर केला.

पहिला तास गेला. मग मामीने मामांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"अहो... गाडी वाजत नाहीये."

मामांच्या गाडीला एक खोड आहे. मागच्या सीटवर जरा वजन पडलं आणि पट्टा लावलेला नसला की ती बोंब मारते. भाजीची पिशवी ठेवली तरी टिंग... टिंग... टिंग... आदल्या दिवशी जाताना मामीने सामानाची पिशवी मागे ठेवली, तर उचलून खाली पायाशी ठेवेपर्यंत गाडीने डोकं उठवलं होतं.

थोरल्यांनी पट्टा लावला नव्हता.

गाडी गप्प होती.

"सेन्सर बिघडला असेल," मामा म्हणाले. बिघडला असेल असं मामा आजवर कोणत्याही गाडीबद्दल म्हणाले नव्हते. त्यांचं आधी 'बिघडवला असेल' असं असतं.

दुसरा तास गेला. मामी आता मोजायला लागली होती. थोरल्यांनी बाथरूमसाठी एकदाही थांबायला सांगितलं नव्हतं.

आणि... ते एकदाही खोकले नव्हते.

"दादा, बरं वाटतंय ना?" मामांनी विचारलं.

"अगदी बरं," मागून आवाज आला. आवाज थोरल्यांचाच होता.

अकराला घरी पोचले. थोरले उतरले, न विचारता सरळ आतल्या खोलीत गेले आणि पलंगाच्या कडेला बसले. ते याआधी त्या घरात कधी आले नव्हते.

"दादा, पिशवी कुठंय तुमची?" मामीने विचारलं.

ते नुसते हसले.

दुपारी तीनला मामांचा फोन वाजला. अनोळखी नंबर होता.

"साहेब, पार्किंगमधून बोलतोय. पावतीवर तुमचा नंबर होता म्हणून लावला. अहो, तुमचं माणूस इथेच राहिलंय की."

मामांना वाटलं, आता हा नवीन कसला डाव. चांगलं खडसावणार होते...

पलीकडून खोकला ऐकू आला.

तो खोकला मामा झोपेतही ओळखतील.

"अरे... विसरलास का मला? मला वाटलं गाडी नादुरुस्त झाली असेल, येशीलच तू. सकाळपासून बसलोय रे बाकावर. पिशवीतली बिस्किटं खाल्ली. येतोयस ना?"

मामांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. दार अर्धवट उघडं होतं. पलंगाच्या कडेला बसलेले पाय दिसत होते.

"दादा," ते कुजबुजले, "तिथून हलू नकोस. कोणीही बोलावलं तरी जाऊ नकोस. मी निघालोच."

फोन ठेवून त्यांनी सकाळचे फोटो उघडले. चौथ्या फोटोत गाडीची मागची बाजू होती. त्यापलीकडे कुंपण, कुंपणापलीकडे बाक. बाकावर पिशवी मांडीवर घेऊन थोरले मामा बसले होते. मामांनी तो फोटो काढला तेव्हा ते स्टेपनीचं झाकण नीट बसलंय का हे बघत होते.

मामीला त्यांनी शेजारच्यांकडे पाठवलं. आत बसलेल्याला काहीच सांगितलं नाही. गाडी इतकी पळवली की आयुष्यात कधी पळवली नव्हती. रस्ताभर ते रडत होते, हे त्यांनी स्वतः मला सांगितलं.

सहाला पोचले. ऊन अजून पुरतं उतरलं नव्हतं.

बाक रिकामा होता.

केबिनमध्ये फाटकवाला तोच. मामांनी त्याचा दंडच धरला. "कुठे आहे तो? म्हातारा, खोकणारा!"

"ते? गेले की."

"कोणाबरोबर?"

फाटकवाल्याने मामांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"साहेब, चेष्टा करताय का? तुम्हीच नेलंत ना. वीस मिनिटंसुद्धा झाली नसतील."

"एकटेच आलात, दोघं गेलात. सकाळचा माणूस राहिला होता म्हणून मी सोडलं. म्हातारे काय खूश झाले हो. उठताना मला म्हणाले, बघ, आला माझा धाकटा."

त्याने रजिस्टर पुढे केलं. मामांच्याच गाडीचा नंबर. शेजारी सही. खोटी सही ओळखण्यात मामांचा हात धरणारा माणूस मिळणार नाही. त्यांनी ती चष्मा लावून पाहिली, चष्मा काढून पाहिली.

सही त्यांचीच होती.

मामांनी नाक्यावरचा रस्ता न् रस्ता पालथा घातला. ढाबे, पेट्रोलपंप, दवाखाने... पलीकडे निरोप पाठवला. खोलीला मालकाचं कुलूप होतं. पोलिसांकडेही गेले, पण तिथे पायरीवरच थबकले. तक्रार काय लिहून देणार? हरवलेला माणूस तर घरात बसला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते घरी परतले. आतल्या खोलीचं दार आता पूर्ण उघडं होतं. पलंगावरचा माणूस तसाच बसलेला. मामा कुठे गेले, कशाला गेले, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

त्याने मान वर केली आणि अगदी मायेने विचारलं,

"भेटला का रे?"

या गोष्टीला आता वर्ष उलटून गेलं. थोरले मामा मामांकडेच असतात. कागदपत्रं चोख आहेत. तब्येत ठणठणीत आहे. लहानपणच्या आठवणी विचारल्या तर एकही चुकत नाही. माझी आई त्यांना भेटायला गेली होती, ती दहा मिनिटांत उठून आली आणि त्यानंतर त्या घरी गेलेली नाही.

मामा दर महिन्याला नाक्यावर जातात. बाकावर तासभर बसतात. फोन कायम हातात असतो. त्या नंबरवरून पुन्हा कधी फोन आला नाही.

मी एकदा धीर करून म्हटलं, "मामा, तुम्ही त्यांना घरात का ठेवलंय?"

आयुष्यभर सगळ्यांवर संशय घेणारा माणूस, पण त्या दिवशी अगदी खचल्यासारखा दिसत होता.

"एकदा त्याला न बघता निघून आलो," ते म्हणाले. "हाच जर खरा असला, तर यालाही सोडल्यासारखं होईल गं."

आतून हाक आली. मामा लगबगीने उठले आणि पाण्याचा पेला घेऊन आत गेले.