जोडीतला डावा खडा

खडा तिच्या चिमट्यातून निसटला, तो थेट त्याच्या बुटावर आपटून कुठंतरी गडप झाला.

"हलू नका!" ती इतक्या जोरात ओरडली, की नुकताच दारातून आत आलेला तो माणूस एका पायावरच उभा राहिला.

मग रत्नतपासणीच्या त्या चिमुकल्या खोलीत दोघंही फरशीवर ओणवी! अर्ध्या तासानं खडा सापडला, तो त्याच्याच पँटच्या दुमडीत. ती खळखळून हसली... आणि तो बघतच राहिला.

तो कोंदणकार होता. वडिलांच्या पेढीवर दागिन्यांत खडे बसवायचा. त्या दिवसापासून तपासणीचे खडे घेऊन नोकराऐवजी तोच यायला लागला. तिला 'भिंगबाई' म्हणायचा. ती लटकं रागवायची — पण त्याची यायची वेळ झाली, की केस मात्र सारखे करायची.

एकदा तिनं त्याच्या हातात बोटाएवढी नळी दिली. "यातून माणिक बघा."

"अरेच्चा! दोन रंग? एक जांभळट, एक नारिंगी..."

"माणकात शिरला की उजेडाच्या दोन वाटा होतात. आता हा स्पिनेल बघा. हाही लालच."

"पण रंग एकच!"

"कठीणपणाही माणकाहून जरा कमी. आणि तेवढ्याच आकाराचा घेतलात, तर वजनालाही हलका."

"म्हणजे सरळ आणि हलकाफुलका. अगदी माझ्यासारखा."

"सरळ? माणिक म्हणून मिरवत आलाय तो इतकी वर्षं!"

"तुमच्यापुढे कुणाची डाळ शिजेल तर शपथ," तो म्हणाला. नळी परत देताना बोटं बोटांना लागली, आणि जरा जास्तच वेळ तिथं राहिली.

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही. सहा महिन्यांनी ठरलं — रविवारी त्यानं तिच्या घरी यायचं, आईला भेटायला.

त्याच आठवड्यात, गुरुवारी, तो कानातल्यांच्या जोडीतले दोन लाल खडे सोडवून घेऊन आला. त्याच्या बाबांनी विकलेली जोडी; गिऱ्हाईक बाईंना आता प्रमाणपत्र हवं होतं.

उजवा खडा माणिकच होता. डावा तिनं यंत्रातल्या, उजेड अडवणाऱ्या दोन काचांमध्ये धरून फिरवला. माणिक असता तर आळीपाळीनं उजळला असता, काळवंडला असता. हा काळाच राहिला. पाण्यात वजन करून घनता काढली. माणकाची चार यायला हवी. आली तीन पूर्णांक सहा. तिनं पुन्हा केली. पुन्हा तेच.

"डावा स्पिनेल आहे रे."

त्याचा चेहरा उतरला. "बाबांना माहीत नव्हतं गं. तीस वर्षांचं नाव आहे त्यांचं. 'माणिक' लिही ना... एकच शब्द. माझ्यासाठी."

तिनं पेन उचललं. खरंच उचललं. उद्या ज्यांना तीही बाबा म्हणणार होती, त्यांचा प्रश्न होता. हात कितीतरी वेळ कागदावर नुसताच टेकून राहिला.

"बाईंना खरं सांगू या," ती शेवटी म्हणाली. "मीही येते तुझ्याबरोबर."

"आणि बाबांना मान खाली घालायला लावू?"

तिनं जे दिसलं तेच लिहिलं. कागद उचलून तो निघून गेला.

शनिवारी दुपारी आला, तो पहिल्यासारखाच हसत. "सुटलो बुवा! दुसरीकडून मिळालं प्रमाणपत्र. दोन्ही माणिक! उद्या किती वाजता येऊ?"

"त्या बाईंना सांगितलंस?"

"कशाला? त्या खूश, बाबा खूश."

तो चेहरा तिला अजूनही तितकाच आवडत होता. तेच तर दुखत होतं.

"नको येऊस," ती म्हणाली.

"एवढ्याशा खड्यापायी? रागावलीस?"

"रागावले असते तर बरं झालं असतं... राग जातो. आता तू काहीही बोललास, की मला ते तपासून बघावंसं वाटेल. असा संसार होतो का रे?"

तो निघाला. दार लावून घेताना त्यानं आवाजसुद्धा होऊ दिला नाही.

तिनं घरी फोन लावला. "आई, उद्या कुणी येत नाहीये."

"का गं? बरं नाही का त्याला?"

"बरा आहे तो."

"मी पडदे धुवून, इस्त्री करून लावलेत गं..."

"असू देत," ती म्हणाली. "आपल्या दोघींना होतील."