नागूबाईची विहीर

१९५४ सालची येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. नवे शिक्षक बसवराज सकाळी दहा वाजता सायकलवरून गावात पोचले, तर गाव रिकामं. तालुक्याला गावाचा इतिहास एका पानात हवा होता आणि सांगायला माणूस नव्हतं.

शेवटच्या घराला एक मुलगी कुलूप लावत होती.

"गावातील लोक कुठे गेले?"

"येळवस हाय, मास्तर. समदी शेतात जेवायलीत. तिथी विसरलाव व्हय?" ती हसली. "आन् पुस्तकातलं मराठी कामून बोलायलाव?"

"घरी कानडी. मराठी पुस्तकातूनच शिकलो."

"मंग चला. भज्जी-आंबील पोटात गेल्यावर सुधरंल."

ती राजू, आप्पाराव पाटलांची लेक. शाळा पाटलांच्याच खोलीत भरायची.

वाटेत ज्वारी डोक्याएवढी. ती पुढं, ते मागं... ती दोनदा वळली. दोन्ही वेळा ते तिच्याकडंच बघत होते.

शेतात पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीपाशी पाटलांनी मास्तरांना शेजारी बसवलं आणि तालुक्याच्या पानाचं ऐकताच म्हणाले, "लिहा. गावाची विहीर आप्पाराव पाटलांनी खोदली."

"खोटं!" राजू म्हणाली. "अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात रझाकारांच्या भ्यानं समदे गडी शिवंपल्याड गेलते. आईनं अकरा बाया घेऊन विहीर खोदली. मी टोपली उचललीय."

राजूची आई, नागूबाई, खाली मान घालून वाढत राहिल्या.

"बायांची नावं कागदावर? न्हाई," पाटील म्हणाले. "लिहिलं, तर उद्यापासून शाळेची खोली बंद."

बसवराजांनी राजूकडं पाहिलं. तिनं नजर हलवली नाही. मग ते नागूबाईंकडं वळले.

"किती हातांवर लागलं पाणी?"

"...सात." एवढंच.

त्यांनी बाराही नावं विचारून लिहिली. पहिलं नागूबाईंचं. मग पान मोठ्यानं वाचलं. शेजारच्या कोपीतली माणसं हातातला घास थांबवून ऐकत होती.

"मास्तर," पाटलांचा आवाज चढला, "ह्या गावात राहायचं न्हाई वाटतं?"

"राहायचंय. शाळा झाडाखाली भरवीन." ते थांबले. "आणि राजूनं हो म्हटलं तर... जन्मभर राहायचंय."

राजूचे कान लाल झाले. "एका सकाळीत?"

"उशीर झाला का?"

"न्हाई... पर आंबील तरी संपवा!"

"कानडी मास्तर, ना शेत, ना घर!" पाटील उठले. "इथं राहणार कुणाच्या जीवावर?"

"माझ्या," राजू म्हणाली.

नागूबाईंनी पळी खाली ठेवली आणि पहिल्यांदाच मान वर केली.

"लिव्हा मास्तर," त्या म्हणाल्या. "हे बी लिव्हा."